देवपूरखालची तापीची माती

एक वाद मी खोट्या मातीच्या जोरावर जिंकलो होतो आणि ही गोष्ट बराच काळ कुणाला कळू दिली नव्हती. वाद होता धुळ्यातल्या मेट्रोचा. धुळ्यात मेट्रो नाही, येण्याची चिन्हेही नाहीत. त्यामुळे या वादात कोणाचेच काही बिघडणार नाही, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

देवपूरमध्ये सकाळचे फिरणे आटोपले की पांझरा नदीच्या पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर आमची बैठक भरते. बहुतेक सगळे निवृत्त. मी वयाने त्यांच्यात लहान. पण विंधनविहिरींच्या खात्यातून मुदतीआधी बाहेर पडल्यामुळे मलाही तेथे जागा मिळाली. या बैठकीची खरी चालक माझी थोरली बहीण, अक्का. साक्रीकडच्या शाळेत तिने नोकरी केली आणि त्या सगळ्या वर्षांत रोजच्या एसटीत दांडीला धरून, दुसऱ्यांच्या खांद्यांवरून, दिसेल तेवढा रस्ता पाहिला.

पोस्टातून निवृत्त झालेले आबा एकदा मुलाकडे पुण्याला जाऊन आले. मेट्रोत बसून आले होते. थोडा प्रवास खांबांवरून, थोडा जमिनीखालून. आपल्याकडे आली तर कोणती बरी, हा प्रश्न त्यांनी चहा येण्याआधीच टाकला. पुढच्या काही दिवसांत देवपूरपासून बसस्थानकापर्यंत आखणी पूर्ण झाली. स्थानक प्रत्येकाला आपल्या गल्लीजवळ हवे होते, फक्त आवाज घरात येईल इतके जवळ नको होते. हरेल त्या बाजूने भरताची पार्टी द्यायची, असे ठरले. आमच्याकडे हिवाळ्यात कोणत्याही वादाचा शेवट वांग्याच्या भरतानेच होतो.

मी भुयाराच्या बाजूचा, अक्का खांबांच्या. मी वैशाखातले ऊन पुढे केले, खांबांखाली अंधारणारी दुकाने पुढे केली. तिने पावसाचे पाणी बोगद्यात सोडले, मग वीज घालवली, आणि खोदकामापायी निम्मे गाव वर्षानुवर्षे खड्ड्यात राहील, असे बजावले. तसे ते मेट्रोवाचूनही राहतेच आहे, असे आबा म्हणाले.

मनातले बोलायचे असले की अक्का खान्देशीवर येते. त्या दिवशी ती म्हणाली, "बीळमा उंदीर जातस, भाऊ. माले एकदाव पांझरा वरतून देखनी शे."

सगळे हसले आणि सगळे तिच्या बाजूला झुकले. ते मला सहन झाले नाही. मी कप खाली ठेवला आणि कचेरीतला आवाज काढून सांगितले की देवपूरखाली खोलवर मऊ माती आहे. भुयार सहज निघेल, खांबाला मात्र पाया मिळणार नाही.

ती माती खरी होती, पण देवपूरची नव्हती. ती जळगाव जिल्ह्यातली, तापीकाठची. तेथे आमचे यंत्र कितीही खोल गेले तरी खडक भेटत नसे. देवपूरखाली काळा कातळ इतका वर आहे की यंत्र सुरू होताच कर्कश ओरडू लागते. मी तापीची माती उचलून बहिणीच्या घराखाली पसरली. गंमत अशी, की हे मी ज्या पुलाच्या सावलीत बसून सांगत होतो, तो पूल खांबांवरच उभा होता. त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही. माझ्या खात्याचा असा मान राहिलेला पाहून मला, खरे सांगतो, बरे वाटले.

पार्टी अक्काच्या अंगणात झाली. वांगी जळगावकडची, लांबट हिरवी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर अक्का एकेक वांगे फिरवत होती. मी दोनदा वाढून घेतले आणि वर मीठ कमी असल्याचेही सुचवले.

"हरलेल्याच्या घरचं मीठसुद्धा तपासतोस का रे?" अक्का म्हणाली.

पुन्हा वाढायला वाकली तेव्हा तिने हळूच सांगितले, की गच्चीवर एक खोली बांधायचा तिचा विचार होता, पांझरेकडे खिडकी काढून. आता गवंड्याला नको म्हणून कळवले. खाली मातीच मऊ, तर वर ओझे कशाला? "बरं झालं, तू वेळेवर बोललास."

माझ्या तोंडात घास होता म्हणून मी बोललो नाही, असे मी नंतर स्वतःला समजावले. घास केव्हाच उतरला. तरी बोललो नाही. गच्चीवर पुढच्या बांधकामासाठी ठेवलेल्या सळयांना तिने दोरी बांधली आणि त्यावर कपडे वाळू लागले. मी जाई तेव्हा ते कपडे हलत असत आणि मी खाली पाहून चहा पीत असे. बहीण रागावेल याची भीती नव्हती. नोकरी सुटल्यावर माझा शब्द जेथे अजून चालत होता, अशी ती टपरी एवढीच एक जागा उरली होती. त्या जागेसाठी मी बहिणीची खिडकी बुजवून बसलो होतो.

या हिवाळ्यात बैठकीत एक नवे गृहस्थ आले, भडगावच्या बँकेतून निवृत्त झालेले. मेट्रोचा विषय कानावर पडताच त्यांनी खांबांची बाजू घेतली. अक्का खूश होईल, असे मला वाटले. तिने स्टूल पुढे ओढले आणि नापास मुलाला समजावावे तसे सांगितले, "आमच्याकडे खांब उभा राहत नाही. माझा भाऊ त्याच खात्यात होता."

गृहस्थांनी पुलाकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "मग हा कशावर उभा आहे?"

सगळ्यांनी माना वर केल्या. तो सरकारी असल्यामुळे त्याला पाया लागत नसेल, असे आबांनी सुचवले. हशा झाला. अक्का हसली नाही. भाऊ सांगेल, एवढेच म्हणून ती माझ्याकडे वळली. उत्तर मिळणारच, अशी तिची खात्री होती. पुलाच्या खांबांचे वेगळे असते, असे एक वाक्य माझ्या जिभेवर तयारही झाले होते. ते तिने मान्य केले असते; त्याचीच मला लाज वाटली.

मी उठून उभा राहिलो. आवाज इतका खाली गेला की कोणाला ऐकू आले नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"अक्का, देवपूरखाली कातळ आहे. मी सांगितली ती माती तापीकाठची, वाद जिंकायला आणलेली. तुझ्या घराला काही होणार नाही, खोली खुशाल बांध. माझ्यामुळे तुझी खिडकी राहिली. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर."