कुणी न छेडलेला गंधार

त्या दिवसांत मी देवीशी बोलणं टाकलं होतं, भांडण झालेल्या शेजारणीशी टाकतात तसं. देव्हाऱ्यात दिवा लावत होते, फूल वाहत होते, पण मान वर करून तिच्याकडे बघत नव्हते. थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला. त्यात कुणाची चूक नव्हती, गाठच आवाजाच्या नसेला चिकटून बसली होती. शुद्धीवर आल्यावर मी ह्यांना हाक मारायला गेले, तर तोंडातून नुसती हवा बाहेर आली. आमच्या कॉलनीतल्या देवीच्या देवळात दर शुक्रवारी दुपारी बायकांचं भजन असतं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हापासून त्या भजनात पुढे बसून गाणारी मी. मला पूजाअर्चा फारशी येत नाही, उपास सोसत नाहीत, पोथी घेऊन बसले की डुलकी लागते. देवीला द्यायला माझ्याकडे गळा तेवढा होता. मग तिला न्यायला नेमका तोच सापडावा? गुडघे न्यायचे होते, ते नाहीतरी कामातून गेलेत!

आवाज गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त थकवा कशाचा येतो, तर लोकांना उत्तरं देण्याचा. भाजीवाला म्हणायचा, "काकू, सर्दी झाली का?" मान हलवून हो म्हणायचं. फोन आला की ह्यांच्या हातात द्यायचा. भेटायला येणारी प्रत्येक जण ज्येष्ठमध सांगून जायची, कुणी हळद-दूध, कुणी कुठल्या बाबांचा अंगारा. मी सगळं केलं. व्यायाम केले, वाफ घेतली, देवीला साडीचा नवस बोलले. हळूहळू कुजबुजीएवढा घोगरा आवाज आला, आणि गाडी तिथेच अडली. मंडळात माझ्या जागी शैलाताई गाऊ लागली. देवळाच्या स्पीकरवरून तिचं भजन घरापर्यंत ऐकू यायचं आणि त्या वेळी मी मुद्दाम मिक्सर लावून बसायचे. चटण्या तरी किती करणार? घरात खाणारी माणसं दोन. माझा तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा केला होता, आणि त्याच्याकडे पाठ होईल अशा बेतानं मी खुर्ची फिरवून घेतली होती.

आमचे हे शांत स्वभावाचे, पण चिमटा काढायचा तर बरोब्बर जागा बघून काढतात. एके दिवशी म्हणाले, "अगं, गाता येत नाही तर गाण्याबद्दल शिक. इतकी वर्षं गायलीस, पण शास्त्राचा एक प्रश्न विचारला तर दातखीळ बसते तुझी." खरंच होतं ते. मी कानानं शिकलेली. रागांची नावं ठाऊक, पण ते कुठून आले, का आले, काही पत्ता नाही. ह्यांनीच चौकशी करून जुन्या नाशकातल्या एका बाईंचं नाव काढलं. त्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि घरी एकेकाला बसवून संगीताचा इतिहास आणि शास्त्र शिकवत. मूळच्या येवल्याच्या, वडील पैठणीच्या मागावर बसणारे. सगळे त्यांना आपा म्हणत, मीही म्हणू लागले. मी मोठ्या हौसेनं गेले असं मुळीच नाही. घरात बसून बसून जीव विटला होता आणि मिक्सरनंही अंग टाकलं होतं, म्हणून गेले.

आपांचं शिकवणं त्यांच्या घरासारखंच, लहान आणि लख्ख. सामगायनात आधी तीन स्वर होते, त्यांचे सात कसे झाले. ध्रुपदाच्या घरात ख्याल कसा पाहुणा म्हणून आला आणि मालक होऊन बसला, हे त्या गल्लीतली बातमी सांगावी तसं सांगत. आणि टिपा पाठ करून घेत. सहायक नाद म्हणजे काय? कोणताही स्वर एकटा येत नाही, त्याच्या पोटातून आणखी बारीक स्वर उमटत असतात, ते सहायक नाद. स्वयंभू गंधार म्हणजे काय? तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या तारेतून, कुणी न छेडता जो गंधार ऐकू येतो, तो. मी पोपटासारखं लिहून दाखवायचे आणि आपा "बरोबर" म्हणायच्या. आयुष्यभर तंबोऱ्यापाशी बसूनही मला तो गंधार कधी ऐकू आला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पण त्यांचा एक नियम होता. धड्याच्या आधी शिकणाऱ्यानं तंबोरा जुळवायचा. तो जुळल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. तिथे माझं सगळं अडलं. मी जन्मभर तंबोरा लावला तो स्वतः 'सा' लावून, आणि तारेला ओढून त्या 'सा'पाशी आणून. तार माझ्या गळ्याला मिळाली की झालं. आता गळाच नाही तर मिळवायची कशाला? मी खुंट्या पिळायचे, तारेवरचे मणी वरखाली करायचे, घाम यायचा, आणि तंबोरा आपला भांडखोर जावांसारखा चार तोंडांनी बोलायचा. एकदा तारच तुटली. आपा हसल्या. "ताई, आमच्या मागावर पण हेच. ताणा जास्ती खेचला की धागा बोलत नाही, तुटतो." मग माझ्या गळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आवाज नाही, तरी तुमचा गळा हलतोय बघा. अजून गळ्यानेच लावताय तुम्ही. त्याला सुट्टी द्या. तारेला तार ऐकू द्या." सांगायला सोपं आहे हो! श्वास घेऊ नका म्हटल्यासारखं होतं ते. कितीतरी दिवस पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बिचाऱ्या स्वतःच जुळवून द्यायच्या आणि मी मान खाली घालून टिपा लिहायचे.

मग डॉक्टरांकडे शेवटच्या तपासणीचा दिवस आला. घशात बधिर करणारा फवारा मारून त्यांनी नाकातून बारीक नळी घातली, बराच वेळ पाहिलं आणि हात पुसत म्हणाले की एका बाजूचा स्वरतंतू हलत नाही, यापुढे ती नस सुधारेल अशी आशा धरू नये, आहे त्या आवाजात भागवायला शिका. चांगला माणूस, सांगताना त्यांचाच चेहरा उतरला होता. हे म्हणाले, घरी चल. मी नको म्हटलं, ह्यांना घरी पाठवलं आणि रिक्षा जुन्या नाशकाकडे घ्यायला सांगितली. आपांना सांगून टाकायचं होतं की माझं शिक्षण आजपासून बंद. कशाला हवं मला शास्त्र? जेवण बंद झालेल्या माणसानं पाककृती वाचत बसावं तसंच की ते. रिक्षात मला रडूसुद्धा येईना. फक्त वाटत होतं की कुठेतरी आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

आपांचं दार उघडं होतं. आतल्या खोलीत त्या असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाला उभ्या होत्या, म्हणून मी बाहेरच्या सतरंजीवर बसून राहिले. समोर तंबोरा आडवा ठेवलेला. माझ्याआधी कोणी येऊन गेलं असावं, तो उतरला होता. नुसतं बसवेना म्हणून मी तो मांडीशी घेतला आणि तारेवरून बोट फिरवलं. जुळवायचं मनातही नव्हतं. घसा फवाऱ्यानं इतका बधिर झाला होता की तो जागेवर आहे की नाही हेच कळत नव्हतं. एक तार दुसरीपेक्षा जरा उतरलेली वाटली, तिचा मणी सरकवला. मग दुसरीचा. खर्जाची खुंटी किंचित पिळली. मी कशाची वाट बघत नव्हते. आणि एकदम खोलीत कोणीतरी गायला लागलं.

अगदी बारीक, स्वच्छ आवाज. गंधार. मला वाटलं शेजारच्या घरात कोणी बाई गातेय. हात थांबवला तर आवाज विरत गेला. पुन्हा छेडलं, तर पुन्हा तीच बाई. मी वाकून आतल्या खोलीत पाहिलं. आपा सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं, घर चिडीचूप. अगं बाई! अंगावर सर्रकन काटा आला. या तंबोऱ्याला गंधाराची तारच नाही. मी छेडला नव्हता, गायला नव्हता, मागितलासुद्धा नव्हता. माझा गळा तर त्या घटकेला मेल्यात जमा होता. आणि तरी तो येत होता, इतका जवळून की कुणी माझ्या खांद्यावरून वाकून गातंय असं वाटावं. मग मात्र मी रडले. ऑपरेशन झाल्यापासून साठलेलं सगळं त्या सतरंजीवर सांडलं. आपा बाहेर आल्या, शेजारी बसल्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "लागला की. आता हात थांबवू नका." मग पाणी आणून दिलं आणि पुस्तक उघडलं. शिक्षण बंद करते हे सांगायचं राहूनच गेलं.

यात चमत्कार काय, असं कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. सहायक नादाची टीप मीच लिहिलेली आहे. खर्जाच्या तारेत गंधार असतोच, तारा नीट मिळाल्या की तो ऐकू येतो, ऐकणारी मी असो की दुसरं कुणी. पण मला त्या दुपारी जे कळलं ते टिपेत नव्हतं. मी इतकी वर्षं देवीपुढे गायले आणि समजत राहिले की ती ऐकतेय. ती गातही असेल, हे कधी मनात आलं नाही. माझ्या आवाजात मला तिचा आवाज ऐकू येणार कसा?

पुढच्या शुक्रवारी तंबोऱ्याची गवसणी काढली आणि ह्यांच्याबरोबर देवळात गेले. मला पाहून बायका सरकून जागा करू लागल्या. शैलाताई तर पुढच्या जागेवरून उठायलाच लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि तिच्या मागे बसले. मंडळात तंबोरा मोबाइलवर लावायची पद्धत पडली होती, तो बंद करायला सांगितला. मग मी तिला घोगऱ्या आवाजात म्हटलं, "तुझी पट्टी सांग." ती काळी चार म्हणाली. माझा तंबोरा कायम काळी पाचला लावलेला. मी साऱ्या तारा तिच्यासाठी उतरवल्या. खोटं कशाला बोलू, पहिली खुंटी दोनदा सैल केली आणि दोनदा परत पिळली. पण तारा मिळत गेल्या तसा हात मोकळा झाला. मी मान वर करून देवीकडे पाहिलं. तिनं डोळे वटारले नाहीत, रागावलीही नव्हती. इतके दिवस खाली घालून माझीच मान दुखून आली होती.

भजन संपल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली. हरसूलकडची, कॉलनीत लेकीकडे राहायला आलेली. म्हणाली, "बाय, ती म्होरं गात व्हती ती दिसली. पर तिच्या मागं दुसरी कोन गात व्हती गं? लय गोड गळा." मी माझ्या फाटक्या आवाजात म्हटलं, "कोणी नाही, आजी." तिनं माझा आवाज ऐकला, माझ्या हातातल्या तंबोऱ्याकडे पाहिलं, मग गाभाऱ्याकडे पाहिलं. "मंग आईच आसंल," म्हणाली आणि चपला शोधायला गेली.

आता शुक्रवार तिथेच जातो. आपांकडचा धडाही चालू आहे, शास्त्राची परीक्षा द्यायची की नाही ते बघू. आवाज परत आलेला नाही आणि थकवाही तसाच आहे, संध्याकाळ झाली की अंगात त्राण उरत नाही. देवीकडे आता काही मागत नाही, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नव्हे. मी रोज गळा मागते, हट्टानं मागते, कधी भांडतेसुद्धा. फक्त मागून झालं की आता उठून जात नाही. तंबोरा घेते, गप्प बसते, आणि तिची पाळी तिला देते. आई, तू गातेस, आणि मला ऐकू येतं. तुझे उपकार कसे फेडू?