आबा, आवडलं का?

वाडीत नारळ सोलायला बसलं, की सोडणांचा ढीग कधी होतो ते कळत नाही. हॉलंडहून आल्यापासून माकुणसारच्या नाक्यावर माझं तेच झालंय. एक किस्सा सांगून उठावं, तर कोणीतरी चहा सांगतो. मग बसावं लागतं.

निलेश माझा एकुलता एक मुलगा. आधी बोईसरला कारखान्यात होता, आता तिकडे असतो. आम्हाला फिरवायचं म्हणून त्याने रजा साठवून ठेवल्या होत्या. विमानातच बायकोने मला दम दिला, "पोरगा हौसेनं दाखवील. एकदा तरी छान म्हणा!"

"दहावी पास झाला तेव्हा म्हटलं होतं काय?"

"तेच सांगते मी!"

* * *

पहिल्याच दिवशी समुद्र. वारा असा, की माझी कानटोपी उडाली. निलेशने हात पसरले. "आबा, कसा वाटतो?"

"का? केळव्याचा आटला काय?"

सून मुग्धा पुण्याची. ती हसली. निलेश हसला नाही.

* * *

मग पवनचक्की. तिकिटाला ही रांग!

"काय दळतात?"

"आता काही नाही, आबा. नुसती बघायला ठेवलीय."

"बंद गिरणीला तिकीट? बोईसरला चल, बंद कारखाने फुकट दाखवतो!"

* * *

बाजारात मासा खायची त्यांची रीत वेगळीच. मिठातला कच्चा मासा, वर कांदा. शेपटीला धरायचा, मान वर करायची आणि तोंडात सोडायचा.

बायको म्हणाली, "अगो बाय, यांच्याकडं चूल नाय काय?"

मी एक खाल्ला. मग दुसरा. मग तिच्या वाटचाही.

मुग्धाने आशेने विचारलं, "आवडला ना, आबा?"

"टाकून कशाला द्यायचा?"

* * *

ट्युलिपच्या शेतात भलताच प्रकार. यंत्र फिरत होतं आणि चांगली उमललेली फुलं छाटून खाली टाकत होतं. निलेशने सांगितलं, फूल छाटलं की खालचा कांदा पोसतो. ही माणसं कांदेच विकतात.

"गाडी थांबव!" बायको ओरडली. गुडघेदुखी विसरून शेतात शिरली आणि पदरात फुलं भरायला लागली. शेतकरी लांब ढांगा टाकत आला. मुग्धा घाबरली. त्याने हिचा पदर बघितला, मान हलवली आणि एक भरलेला क्रेटच आणून दिला!

संध्याकाळी मुग्धाच्या देव्हाऱ्यात फुलांशिवाय काही दिसेना. बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. "बघा हो, किती छान!"

"यात गणपती कुठला, तेवढं सांग."

* * *

निघायच्या दिवशी मुग्धाचा धीर सुटला. "आबा, एवढं फिरलो आपण. तुम्हाला खरंच काही आवडलं नाही?"

"मी कुठं तक्रार केली?"

"राहू दे, मुग्धा," निलेश म्हणाला. "दहावीपासून विचारतोय मी." आणि बॅगा गाडीत ठेवायला निघून गेला.

विमानतळापर्यंत गाडीत बायको माझ्याकडे बघेनासुद्धा.

* * *

तिथे बायकोला चाकांची खुर्ची मिळाली. निलेश पाया पडला. वर उठला, तेव्हा मी त्याला नीट बघितला. स्वतःचं घर, गाडी, गुणाची बायको, परक्या मुलखातली भाषा फडाफडा बोलतो.

शेजारी कॉफीचं दुकान होतं. तिथल्या ट्रेमधून चार पुड्या उचलल्या, फोडून मुठीत घेतल्या आणि त्याला म्हटलं, "सरळ उभा राहा."

डोक्यापासून पायांपर्यंत मूठ उतरवायला लागलो. लोक थांबून बघायला लागले.

खुर्चीतून बायको ओरडली, "अहो, मीठ घ्या, मीठ! ती साखर हाय!"

मला तिकडची अक्षरं कुठे वाचता येतात? तेवढ्यात ताडासारखा उंच पोलीस आला. माझ्या मुठीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. निलेश जागचा हलला नाही. उभ्या उभ्याच त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. पोलिसाने टोपीला हात लावला आणि बाजूला झाला.

"काय सांगितलंस रे त्याला?"

निलेशने नाक ओढलं.

"सांगितलं, वडलांना सगळं आवडलं."