डि मॉइनची गर्दी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर चहाचा घोट तोंडात असताना हसाल, ठसका लागेल, आणि म्हणाल, आधी का नाही सांगितलंस!

तर अमेरिकेतलं पुढचं कुठलं शहर वर येणार, हे मला कळतं. कळतं म्हणजे कळतंच! न्यूयॉर्क-शिकागोचं कोणीही सांगेल हो. मधल्या आकाराची गावं ओळखायला नजर लागते. ओहायोत, डब्लिनला राहत होतो तेव्हा दर पॉटलकला, म्हणजे घरोघरचा एकेक पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला, माझं यावर व्याख्यान व्हायचं. लोक पुलावाचं ताट घेऊन ऐकायचे. पळून कुठे जाणार? बाहेर बर्फ!

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये कंपनीने मला आयोवात पाठवलं. डि मॉइनला, एका इन्शुरन्स क्लायंटकडे. त्या नावाचा उच्चारही मी तोवर ‘डेस मॉइन्स’ असा ठणकावून करत होतो. कोपऱ्यातलं पेंगुळलेलं गाव असेल अशी कल्पना. उतरतो तर काय! हायवे जॅम. हॉटेलं फुल्ल. लोक आपल्या घरापुढच्या लॉनवर गाड्या लावून घेतायत! हॉटेलच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “तुम्हीपण त्याच्यासाठीच आलात ना?”

मला वाटलं, प्रोजेक्टबद्दल विचारतायत. म्हटलं, “हो, त्याच्यासाठीच.”

“सगळे त्याच्यासाठीच येतात. दरवर्षी वाढतंच चाललंय. पुढच्या वेळी फॅमिलीला आणा!”

आता तुम्हीच सांगा, याला बूम नाही तर काय म्हणायचं? शिवाय खोलीच्या खिडकीतून क्रेन दिसत होती. मी तिथूनच घरी फोन लावला. “मंजिरी, सापडलं!”

“काय? पासपोर्ट?” आमची ही.

“शहर!”

परत आलो तर कंपनी म्हणाली, नवीन पोस्टिंग आहे. रॅले घेतोस की डि मॉइन? आणि तोच प्रश्न माझा ऑफिसातला मित्र समीर वैद्य, नागपूरचा, त्यालाही पडलेला.

“काय करू भाऊ? सांगून टाका ना तुम्ही,” तो म्हणाला.

“रॅले? अरे, काय आहे तिथे? झाडं! झाडं बघायला अमेरिकेत आलास का? डोळे मिटून डि मॉइन घे.”

समीरने मान डोलावली, घरी गेला आणि रॅले घेतलं. मी म्हटलं, असो, एकेकाचं नशीब.

ऑक्टोबरमध्ये आम्ही सामान ट्रकमध्ये भरलं आणि डि मॉइनला निघालो. पहिल्या सोमवारी ट्रॅफिक लागेल म्हणून मी अंधारातच बाहेर पडलो. रस्त्यावर मी आणि एक कचऱ्याची गाडी. ऑफिसला पोचलो तर कुलूप! वॉचमन आला, त्याने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, “सगळं ठीक आहे ना, सर?” संध्याकाळी पाचनंतर डाउनटाउनमध्ये इतका शुकशुकाट, की स्वतःच्याच बुटांचा आवाज ऐकून मी दोनदा मागे वळून पाहिलं.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या कॅरलबाईंना विचारलं, “ऑगस्टमधली ती गर्दी कुठे गेली?”

“कुठली गर्दी?” त्या विचारात पडल्या. मग एकदम डोळे पुसत हसायला लागल्या. “अरे बाळा, ती स्टेट फेअर होती!”

म्हणजे जत्रा! आख्ख्या राज्याची जत्रा! डुकरं, भोपळे, आकाशपाळणे! आणि ती क्रेन? ती जुनी इमारत पाडायला आली होती.

मी घरी अवाक्षर काढलं नाही. का काढू? अंदाज चुकला नव्हता, जरा लवकर झाला होता. पण आमची ऋचा शाळेतून आली ती नाचतच. “बाबा, गेस व्हॉट! एव्हरी ऑगस्ट दे हॅव अ काऊ मेड ऑफ बटर!”

मंजिरीने पोळीचं लाटणं खाली ठेवलं. “ऑगस्टमध्ये काय असतं इथे?”

“फेअर, आई! द होल स्टेट कम्स!”

मंजिरी माझ्याकडे वळली. “म्हणजे तू जत्रा बघून बिऱ्हाड हलवलंस?”

तरी मी हटलो नाही! फोनवर सगळ्यांना सांगत राहिलो, “पायाभरणी चालू आहे, बघाल तुम्ही.” तिकडे रॅलेत दर महिन्याला नवीन ऑफिस, नवीन शाळा, नवीन मराठी कुटुंब. समीरने घर बांधलं, वास्तुशांतीला बोलावलं. गेलो. मान ताठ ठेवून गेलो.

तिथे एक नवीन लग्न झालेला पुण्याचा इंजिनियर माझ्याजवळ आला. अगदी अदबीने म्हणाला, “काका, शार्लट शहराबद्दल तुमचं काय मत? ऑफर आलीये.”

बघा! माणसं अजूनही मलाच विचारतात! मी छाती फुगवून म्हणालो, “शार्लट? जा बिनधास्त. फार मोठं होणार.”

तो थँक्यू म्हणून डेकवर गेला. दार उघडंच होतं. त्याचं फोनवरचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. “अगं, शार्लट कॅन्सल. काका हो म्हणाले.”

मी हातातल्या श्रीखंडाच्या वाटीसकट उभाच राहिलो. तेवढ्यात समीरची बायको आली, हात जोडून. “दादा, पोटभर जेवा, चार दिवस राहा. पण आमच्या रॅलेबद्दल एकही चांगला शब्द काढू नका हो. आत्ताच घर झालंय.”

मग काय, मला आला राग! भर दिवाणखान्यात उभा राहून मी ओरडलो, “रॅले उत्तम आहे! रॅले सुंदर आहे! रॅलेची भरभराट होणार!” दोघी-तिघींनी कानांवर हात ठेवले. समीर म्हणाला, “भाऊ, काय करून राहिले तुम्ही!”

परतीच्या विमानात मंजिरीने खिडकीची जागा घेतली. विमान उतरायला लागलं, खाली डि मॉइनचे मोजके दिवे दिसले, तशी तिने माझा हात हातात घेतला. इतक्या प्रेमाने, की मला वाटलं, हिला तरी पटलं.

“अरे, ऐक ना,” ती हळूच म्हणाली, “डि मॉइनबद्दल दोन वाईट शब्द बोल की. ऋचाच्या भविष्याचा प्रश्न आहे.”

नाही बोललो! तत्त्व म्हणजे तत्त्व! डि मॉइन वर येणार म्हणजे येणार, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. आणि सांगायला लागलो की आमची ही माझ्या तोंडावर हात ठेवते.