ओढणीतल्या गाठी

मे महिन्याच्या उन्हात तळवड्याच्या थांब्यावर मी बसची वाट बघत वैतागून उभी होते. शेजारची बाई मघापासून मला खालीवर न्याहाळत होती. तिच्या ड्रेसवर कंपनीचा निळा शर्ट चढवलेला, पहिली शिफ्ट सुटून आलेली. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "ताई, रागवू नका. तुमचं माप घेऊ का?"

"माझं? कशाला?"

"उद्या बहीण यायलीय माहेरपणाला. तिच्यासाठी सुती ड्रेस शिवायलेय, यायच्या आत. दोन वर्षं भेट न्हाई. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, कंबर कुठं दिसते? पण चेहरा तुमच्यासारखाच भरलाय बगा."

भरलाय! खरं तर मला राग यायला हवा होता. पण ती इतकी खुशीत होती की मी पर्स बाकावर ठेवली आणि शाळेतल्या कवायतीसारखे दोन्ही हात पसरले. तिने ओढणी काढून माझ्या खांद्यांना, छातीला, कमरेला लावली आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारली. थांब्यावरची माणसं बघत होती. बघू देत! आता मलाही त्या ड्रेसची घाई झाली होती.

"फिटिंगचा शिवा हं, मला सैल आवडत नाही," मी सांगूनही टाकलं.

"न्हाई हो," शेवटची गाठ दातांनी आवळत ती हसली. "काखेत सैलच ठेवते. घातल्या घातल्या गळ्यात पडंल ती माझ्या. तवाच उसवला म्हंजे?"