पेंटय्या आणि कोपऱ्यातले पिवळे खळगे

...तर पेंटय्या राजव्वाला नको ते बोलला, इथवर काल आलो होतो. का बोलला, ते ऐका.

शामीरपेटच्या आमच्या कारखान्यात रक्ततपासणीच्या पेट्या बनत. आजाराशी लढणाऱ्या पेशींचं एक प्रथिन रक्तात किती आहे, ते त्यातून कळे. पेटीत एक पारदर्शक प्लेट, तिला शहाण्णव इवले खळगे. प्रथिन जितकं जास्त, तितका खळगा पिवळा; पिवळेपणा यंत्र मोजणार. कोपऱ्यातले दोन खळगे मात्र मुद्दाम बिनरक्ताचे. तेच पिवळे निघाले, तर पेट्यांचा अख्खा घाणा बाद.

पास-नापास ठरवणारा पेंटय्या. महासोवळा! मी साधा गाडीवाला, पण त्याच्या खोलीत शिरायचं तर टोपी, मोजे, वर प्रवचन. घरी जेवणाचं ताटही आधी उजेडाकडे धरायचा. बायको म्हणे, "मला बघायला आलात तेव्हा कुठं गेला होता हा उजेड?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वरंगलच्या दवाखान्याला तीनशे पेट्या न्यायच्या होत्या. गाडीत बर्फ भरून मी तयार. आणि शेवटच्या तपासणीत यंत्र म्हणे, कोपरा पिवळा! दुसरी प्लेट, तेच. तिसरी, तेच.

प्लेटी धुऊन कागदावर ठोकून कोरड्या करायचं काम राजव्वाचं.

"धुतलीस, की नुसतं पाणी दाखवलंस गं?" पेंटय्या कडाडला. "तुझ्या आळसापायी तीन महिन्यांचं काम मातीत!"

"पाच वेळा धुतली, पेंटय्याअण्णा. तुमच्या सदऱ्याच्या नशिबात तरी आहे का एवढं?"

त्यानं ‘बाद’चा शिक्का उचलला. राजव्वानं शाईची डबीच ओढून घेतली.

"शिक्का मागनं मारा. आधी यंत्रात कोरी प्लेट घाला. पाकिटातली. न भरलेली, न धुतलेली."

"कोऱ्या प्लेटीत काय मोजू? हवा?"

"हवाच मोजा. तिच्यावर तरी ओरडता येईल तुम्हाला."

घातली. आणि काय सांगू, हवासुद्धा त्याच कोपऱ्यात पिवळी निघाली!

राजव्वानं प्लेट काढून खिडकीशी उलटी धरली. बुडाला पिवळा डाग. यंत्राच्या ट्रेत वाकून बघितलं, तर कोपऱ्यात हळदीचं ठसठशीत बोट, वर कुंकवाचा टिळा. आदल्या दिवशी हत्यारांच्या पूजेत माझ्या गाडीला, कात्र्यांना, वजनकाट्याला राजव्वानं हळद लावली होती. या यंत्राला मात्र पेंटय्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता. स्वतः, अगदी मनोभावे, आतपर्यंत बोट घालून पूजा केली होती!

खोलीत कुणी हसेना. हसायची छातीच होईना.

ट्रे पुसला, नव्या प्लेटीत तपासणी पुन्हा केली. कोपरा पाण्यासारखा नितळ. पेट्या पास. मी बर्फावर रचू लागलो. तेवढ्यात कारखान्याच्या मुख्य, सुहासिनी मॅडम, वही घेऊन आल्या. चूक कुणाची, पुढे काय करायचं, हे लिहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. राजव्वा खाली बघत उभी. सकाळचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलेलं. तिचं नाव लागलं असतं, तर आश्चर्य कुणाला वाटणार होतं?

मॅडमनी विचारलं, "कारण काय लिहू? आणि पुढच्या दसऱ्यापासून या यंत्राची पूजा बंद करायची का?"

पेंटय्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "बंद कशाला, मॅडम? चूक पेंटय्याची, राजव्वाची नाही, असं लिहा. आणि पुढे लिहा, की हळद वरच्या झाकणाला लावावी, ती राजव्वानं लावावी, आणि तेवढा वेळ पेंटय्याला खोलीबाहेर उभं करावं."