गच्चीचं मतदान
१९ एप्रिल, रविवार. सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या आणि संध्याकाळी तीच गच्ची वाचवायला सोसायटीच्या सभेला गेले. आमच्या इमारतीतले सहा फ्लॅट एकट्या शेठजींचे. त्यांना गच्चीला कुलूप लावून स्वतःची बाग करायची होती. मतदानाआधी त्यांनी घरोघरी किलोभर संत्रा बर्फी वाटली.

"तू काहून घेतली वं?" मी शेजारणीला विचारलं.

"घेतली म्हणून काय झालं? मत तं माहंच हाय ना!" असं म्हणून तिने शेठजींसाठी हात वर केला, मागोमाग बाकीच्यांनीही. त्यांची स्वतःची सहा मतं मोजायची गरजही पडली नाही.

२० एप्रिल, सोमवार. सकाळी गच्चीला कुलूप होतं. काल सभेआधी घरात आणून ठेवलेल्या, अजून ओल्या असलेल्या कुरडया मी शेठजींच्या लांबलचक गाडीच्या टपावर पसरल्या. मागोमाग शेजारीण पापडांची परात घेऊन आली.

"जराशी सरक वं," ती म्हणाली.

मी सरकले.