छातीवर टेकवलेला हात

जहागीरदाराचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि तोही गजराशिवाय. ही गोष्ट तो चारचौघांत ताठ मानेने सांगायचा. घड्याळाच्या जिवावर उठतो तो कसला कामगार, असं त्याचं म्हणणं. उशाशी घड्याळ होतं आणि गजर रोज वाजायचा. बायको झोपेतच हात लांब करून तो बंद करायची. त्याला तो कित्येक वर्षांत ऐकू आलेला नव्हता. तो उठायचा सवयीने, आणि एखादे दिवशी उठलो नाही तर बिंग फुटेल या धास्तीने.

जहागीरदार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो बिजागऱ्यांच्या कारखान्यात प्रेसवर होता. पत्र्याची पट्टी सरकवायची, वरून ठोकळा आदळायचा, खाली बिजागरीचं पान पडायचं. पट्टी, ठोका, पान. एका छपराखाली अशी यंत्रं ओळीने उभी. तिथे बोलणं म्हणजे हातवारे. कानात घालायला कंपनीने रबरी बोळे दिले होते. याने ते डब्याच्या पिशवीत टाकले आणि जे घालत त्यांना ‘नव्या नवऱ्या’ म्हणून हसला. मग ऐकणं हळूहळू निघून गेलं. आधी पाखरं गेली, मग शिट्ट्या, मग बायकांची बोलणी, मग पाठीमागून येणारी कुठलीही हाक. गल्लीत कोणी हाक मारली तरी हा मान न वळवता सरळ चालत राहायचा. लोकांनी नाव ठेवलं, जहागीरदार. ते कळलं तेव्हा त्याला हायसंच वाटलं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरडा म्हणवून घेणं त्याला परवडलं.

लपवायच्या युक्त्या त्याने हाताच्या कामासारख्या पक्क्या केल्या होत्या. समोरच्याचे ओठ बघायचे. अर्धं कळलं तर उरलेलं जुळवायचं. काहीच कळलं नाही तर हसून ‘अगदी बरोबर’ म्हणायचं. हे उत्तर शंभरातल्या नव्वद ठिकाणी चालतं. लेकीचा फोन आला की ‘आईशी बोल’ म्हणून तो लगेच बायकोच्या हातात द्यायचा. लेकीनेही पुढे पुढे बाबांना मागणं सोडलं. ‘काय म्हणालीस?’ एवढं मात्र त्याने कधी कोणाला विचारलं नाही. ते एकदा विचारलं की पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

बायको म्हणायची, इतकी वर्षं भिंतीशी बोलले असते तर दोन पोपडे तरी पडले असते. हे त्याने तिच्या ओठांवरून बरोबर वाचलं होतं आणि तो मनापासून हसला होता.

कारखाना सुटला आणि त्याच वर्षी बायकोचं रक्तदाबाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, की दवाखान्याच्या माडीवर एक निवृत्त नर्सबाई सकाळी ध्यान शिकवतात, तिथे जाऊन बसा. एकटीने जायला ती तयार नव्हती. हा गेला सोबतीला.

माडीवर खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या. डोळे मिटायचे, हात छातीवर ठेवायचा, हृदयापाशी काय जाणवतं तिकडे हळूच लक्ष द्यायचं, बस्स. नर्सबाई हे सगळं अगदी मऊ आवाजात सांगत. इथेच याची पंचाईत झाली. याचे कान म्हणजे याचे डोळे, आणि तेच मिटायचे. मग तो एक डोळा किलकिला ठेवून शेजारच्या शिंप्याची नक्कल करू लागला. शिंप्याने हात छातीवर ठेवला, याने ठेवला. शिंप्याने खाली घेतला, याने घेतला.

पण बसायचं म्हणजे कामचुकारपणा करायचा नाही, हे रक्तातच होतं. अडकलेला ठोकळा रेटावा तसा त्याने तळहात बरगड्यांवर रेटला. ठोका सापडावा म्हणून श्वास कोंडला, दात आवळले. बैठक संपेपर्यंत बंडी घामाने चिंब व्हायची. घाम निघाला म्हणजे मजुरी वसूल झाली, असं समजून तो जिना उतरायचा. हाताला मात्र काही लागायचं नाही.

एके दिवशी नर्सबाई समोर येऊन वाकल्या आणि त्याची बोटं त्यांनी छातीवरून जराशी उचलली. तोंड अगदी समोर होतं, त्यामुळे शब्दन् शब्द कळला.

“दाबताय कशाला? पळून नाही जाणार ते. नुसता हात टेकवा. ठोका लागला तर ठीक, ऊब लागली तर ठीक, काही नाही लागलं तरी ठीक. मन भटकलं की परत या. स्वतःवर रागवायचं नाही.”

त्याला शरम वाटली. यंत्राचं बेअरिंग बघताना हेच तो नव्या माणसांना सांगत आला होता. बोट टेकवा, दाबू नका, दाबलं की आपलीच नाडी लागते आणि यंत्र काय म्हणतंय ते कळत नाही. लोखंडाला जी अदब दाखवली ती स्वतःच्या छातीला दाखवायचं सुचलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने दोन्ही डोळे मिटले आणि हात सैल सोडला. बराच वेळ काहीच नाही. मग हाताखाली कुठेतरी खोल, कोणी भरलेली वाटी जपून खाली ठेवावी तसं काहीतरी. पुन्हा एकदा. पकडायला गेला की निसटायचं, हात सैल केला की परत यायचं. इतक्या वर्षांत आवाज नसलेली कोणतीही गोष्ट त्याच्या इतकी जवळ आली नव्हती. तो तिच्यापाशी बसून राहिला.

डोळे उघडले तर सगळी मंडळी उठून त्याच्यासमोर उभी. नर्सबाई बैठक संपली की लहानशी घंटी वाजवत. ती केव्हाच वाजून गेली होती. शिंप्याच्या ओठांवर त्याने वाचलं, “केवढी समाधी लागली होती हो.” बायको त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर ती नजर त्याला दिसली नव्हती.

काय झालं ते त्याच्या लगेच लक्षात आलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो हसला आणि म्हणाला, “अगदी बरोबर.”

तिथून त्याचा भाव वधारला. नवीन आलेल्यांना नर्सबाई त्याच्या शेजारी बसवू लागल्या. बायकोने गल्लीभर सांगितलं, की आमचे हे वरून दगड, पण आतून भलतेच खोल निघाले. आणि त्याचं खरं बसणं संपलं. आता तो छातीवर हात ठेवून अंदाज घ्यायचा, की घंटी वाजली असेल का, पापणीच्या फटीतून कोण उठलं ते बघायचा, आणि मग मुद्दाम थोडा वेळ तसाच बसायचा. चोरी पचली की चोराला चटक लागते. हातापाशी आता ठोका नव्हता, नुसता लबाडीचा चटका होता. त्याच्याकडे लक्ष द्यायची त्याची छाती नव्हती.

मग एकदा नर्सबाईंनी प्रत्येकाला विचारलं, की तुम्हाला तिथे काय जाणवतं. शिंपी काहीतरी बोलला. मग बायकोची पाळी आली. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, मान खाली घालून बोलत होती. ओठ दिसेनात. बोलणं लांबलं. मग एकेक जण याच्याकडे बघू लागला. ही पुन्हा आपली तारीफ करते आहे, असं त्याला वाटलं. तो प्रसन्न हसला आणि मोठ्याने म्हणाला, “अगदी बरोबर.”

शिंपी आपल्या चपलांकडे बघू लागला. नर्सबाईंचा चेहरा उतरला. बायको उठली, पिशवी घेऊन जिना उतरून गेली.

त्याने जिन्यात शिंप्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं आणि ती काय म्हणाली ते विचारलं. शिंप्याला वाटलं हा थट्टा करतोय. मग त्याने चिडून, एकेक शब्द तोडून सांगितलं. ती म्हणाली, छातीत दगड ठेवल्यासारखं वाटतं. घरात बोलते ते हवेत जातं. या माणसाला मी आहे काय आणि नाही काय, सारखंच. मी मेले तरी यांच्या चार दिवसांनी लक्षात येईल.

“आणि तुम्ही म्हणालात, अगदी बरोबर. वर हसलात.”

घरी तिने ताट वाढलं. तिचे ओठ मिटलेले होते. दुपारभर ते मिटलेलेच राहिले. याआधी ती दिवसभर बोलायची आणि त्याला ऐकू यायचं नाही. आता ती बोलत नव्हती, आणि ते त्याला ऐकू येत होतं.

तो स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसला. डोळे मिटले, हात छातीवर टेकवला. आज बघायला कोणी नव्हतं. गळ्यापासून बरगड्यांपर्यंत नुसती आग होती. लाज. ती खाली दाबावी, उठून काहीतरी हातात घ्यावं, नळ दुरुस्त करावा, असं वाटलं. त्याने हात नुसता टेकवलेला ठेवला. डब्याच्या पिशवीतले रबरी बोळे आठवले, लेकीचे फोन आठवले, मन तिकडे पळालं. परत आला. भिंतीचा विनोद आठवला. परत आला. आग कमी झाली नाही. पण तिच्या खाली तो ठोका आपलं काम करत होता, कोणाला दाखवायला नाही, लपवायलाही नाही. बरं वाटलं, असं मुळीच नाही. एवढंच कळलं, की या आगीने आपण मरत नाही.

डोळे उघडले तेव्हा बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिची मान हलली. ती काहीतरी बोलली होती.

“काय म्हणालीस?” त्याने विचारलं.

ती वळली. हा प्रश्न तिने या तोंडून ऐकलाच नव्हता.

“काही नाही.”

“मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “तुझी पाठ असली की काहीच नाही. सकाळीही आलं नाही.”

“कधीपासून?”

“लेक शाळेत जायला लागली तेव्हापासून.”

“अहो, मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते?”

तिने नळ बंद केला, हात पुसले.

“आणि ती समाधी?”

“घंटी ऐकू आली नाही.”

ती हसली. हसता हसता खाली बसली आणि रडू लागली. मग रागावली. तो राग दोन-तीन दिवस पुरला, आणि तो सगळा तिने त्याच्या समोर बसून, ओठ दाखवून काढला. तिला वाटत आलं होतं, की ती नकोशी झाली आहे. त्याने मान खाली घातली नाही, कारण घातली असती तर ऐकू आलं नसतं.

माडीवर जाऊन त्याने स्वतःच उभं राहून सांगितलं. नवीन आलेल्या दोघांनी खुर्च्या जरा लांब सरकवल्या. शिंपी म्हणाला, आता घंटीऐवजी गुडघ्यावर चापट मारत जाईन. नर्सबाईंनी त्याची खुर्ची स्वतःच्या समोर आणून ठेवली.

कारखाना सोडताना मिळालेला पैसा बँकेत तसाच होता. घामाचा पैसा म्हणून त्याने कोणाला हात लावू दिला नव्हता. कानातल्या यंत्रांची किंमत ऐकून तो दुकानातून निघायलाच लागला. या वयात आता काय ऐकायचं उरलंय, असं म्हणाला.

“तुमच्यासाठी नका घेऊ,” बायको म्हणाली. “माझ्यासाठी घ्या.”

दुकानातल्या माणसाने शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं कानांत बसवली आणि बायकोला मागे उभं राहून हळू बोलायला सांगितलं.

“येतंय का हो ऐकू?” ती म्हणाली.

आलं. पण त्याच्या आठवणीत होता तो आवाज हा नव्हता. तो तरुण बाईचा होता. हा म्हातारा झाला होता, थोडा घोगरा, शेवटाकडे थकणारा. मधला सगळा आवाज त्याने न ऐकताच जाऊ दिला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. “येतंय,” म्हणाला, “आणखी बोल,” आणि घामाचा तो पैसा सगळा तिथे काढून दिला.